डोंगराकडे तोंड

सोळा जुलैच्या सकाळी शेजारची म्हातारी हिमेना कुबडी टेकत फहमीदाच्या दारात आली आणि म्हणाली, "पोरीच्या जेवणाची काळजी करू नकोस हं फामी. मी स्वतः बांधून पहाटेच्या बसने पाठवलंय. चीज भरलेल्या एम्पानादा आणि उकडलेली अंडी. डुकराचा कणसुद्धा नाही त्यात, देवीची शपथ."

फहमीदाचे हात कणकेत होते. "कसलं जेवण?"

"तिरानाचं. जत्रेचं गं." हिमेनाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुबडीवरचा हात बदलला. "तुला ठाऊक नाही?"

फहमीदाला एवढंच ठाऊक होतं की सनोबर तीन दिवसांपासून पोसो अल्मोंतेला मैत्रिणीकडे गणिताचा अभ्यास करते आहे. लबाडीसुद्धा पोरीने हिशेबाने केली होती. पोसो अल्मोंते तिरानाच्या वाटेवरच लागतं.

हिमेना गेली तीस वर्षं तिरानाच्या ख्रिस्ती देवीसमोर नाचत आली होती. यंदा पाय मोडला म्हणून घरी राहून टीव्हीवर जत्रा बघत बसली होती. तिने फहमीदाला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं. पडद्यावर धूळ, पिसं, शिंगांचे मुखवटे आणि त्यांच्यामागून चालणारे बँड. "ती बघ, हिरव्या कोटवाली! आमचाच बँड!" हिमेना ओरडली. दिसला फक्त एक पोटाएवढा ढोल, त्यावर पडणारा एक हात आणि हिरव्या टोपीखाली घट्ट बांधलेला एक पांढरा रुमाल. रुमाल फहमीदाचा होता. कडेची वेल तिने स्वतः विणली होती.

हेच चित्र आत्ता इकिकेतल्या प्रत्येक दुकानात दिसत असणार. मोटारींच्या बाजारात पाकिस्तानी दुकानदार चहा पीत टीव्हीसमोरच बसतात, आणि त्यांच्यातला एक जरी डोळस निघाला, तरी संध्याकाळपर्यंत नजाकतच्या कानावर जाणार.

नजाकत अली तिचा नवरा. नाव नजाकत आणि हात लोहाराचे. जपानहून उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्या बोटीने यायच्या, आणि तो त्यांचं स्टिअरिंग काढून डाव्या बाजूला बसवून द्यायचा. बावीस वर्षं हाच धंदा. गाड्या त्याने हजारांनी फिरवल्या. स्वतः मात्र तसूभर फिरला नाही, असं सनोबर म्हणायची. बापासमोर नाही, आईसमोर.

पंधरा दिवसांपूर्वी मशिदीबाहेर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की तुमची मुलगी कर्णे-तुताऱ्या घेतलेल्या पोरांबरोबर रस्त्यात दिसली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस दमतो तरी. नजाकत गप्प जेवला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी सियालकोटचं तिकीट काढून आणलं. वीस तारखेचं. "बहिणीकडे राहील एक वर्ष. घराच्या चार गोष्टी शिकेल. मग बघू." आत्याकडचं, फुफूकडचं, एक वर्ष म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. फुफूचे दोन मुलगे लग्नाचे होते.

अकरा तारखेच्या रात्री फहमीदाने त्याच्या हातापाया पडून अर्धं वचन मिळवलं होतं. "वीस तारखेपर्यंत तिची एकही तक्रार माझ्या कानावर आली नाही, तर रद्द करीन," तो म्हणाला होता. चार दिवस. आता फक्त चार दिवस गोडीत काढायचे उरले होते, आणि या पोरीला तेवढेही निघाले नाहीत.

काल तो गाड्यांच्या कामासाठी आरिकाला गेला होता, आज अंधार पडेपर्यंत परतणार होता. फहमीदाने मनातल्या मनात वेळ जुळवली. बाराची बस, दोन तास जायला, दोन यायला. त्याच्या आधी पोर घरात हवी, पाटावर पुस्तक घेऊन बसलेली. मग टीव्हीत कुणी काही पाहिलं असेल तर म्हणता येईल, हिरवी टोपी घालणाऱ्या हजार पोरी असतात.

निघताना तिने मसुराच्या डाळीच्या डब्यात हात घातला. सनोबरचा पासपोर्ट नजाकतने तिच्याकडे सांभाळायला दिला होता आणि तिने तो तिथे पुरला होता. होता, जागच्या जागी. तो तिने पर्समध्ये का टाकला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घाबरलेल्या माणसाचे हात आपले आपण काम करतात.

बस वळणावळणाने डोंगर चढू लागली. खाली इकिके आणि त्यापलीकडे समुद्र. फहमीदाने समुद्राकडे पाठ केली, सवयीने.

त्या सवयीची एक गोष्ट होती. वीस वर्षांची असताना ती इथे नवी नवी आली, तेव्हा पहिले तीन दिवस समुद्राकडे तोंड करून नमाज पढत होती. सियालकोटमध्ये किबला, मक्केची दिशा, पश्चिमेला. सूर्य मावळतो तिकडे. जन्मभर तिने दुसरी दिशा पाहिली नव्हती, विचारायचं कशाला? चौथ्या दिवशी नजाकतने बघितलं आणि पोट धरून हसला. मग खांद्यांना धरून तिला फिरवलं. "बाई गं, आपण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आलोय. इथून मक्का उगवतीकडे. डोंगराकडे तोंड, समुद्राकडे पाठ. एवढं लक्षात ठेव, कधी चुकायची नाहीस." तेव्हा तो हसायचा. तेव्हा त्याचे हात खांद्यावर हलके पडायचे. ते तीन दिवस कबूल झाले असतील की नाही, याची टोचणी मात्र फहमीदाला अजून होती.

शेजारच्या बाईने तिच्या डोक्यावरची ओढणी पाहून तिला खिडकीची जागा दिली. "नवस आहे?"

"मुलीसाठी," फहमीदा म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"आजारी आहे?"

"डोकं फिरलंय."

"देवी करील बरी," बाई मनापासून म्हणाली आणि तिच्या हातात एक संत्रं ठेवलं.

आता या बाईवर रागावणार कसं? राग होता तो सनोबरवर, आणि तो खरा होता. नजाकतपेक्षा कमी नव्हता. मूर्तीसमोर ढोल! आपल्या पोटची पोर! कॉलेजात जा, जीन्स घाल, स्पॅनिशमध्ये हस, सगळं गिळलं तिने. पण हे गिळता येत नव्हतं. हिमेना चांगली, तिची देवीही तिच्यापुरती चांगली. प्रत्येकाचं दार वेगळं असतं, आपण दुसऱ्याच्या दारात वाजवायला का जावं?

आणि ढोल तरी कुठून आला? ते आठवलं की राग जागेवर राहत नसे. सनोबर सात वर्षांची असताना इमारतीत चार पाकिस्तानी घरं होती. रमजानमध्ये सहरीला उठवायला सियालकोटसारखा कुणी ढोलवाला नाही, याचं नजाकतला फार वाईट वाटायचं. त्याने तुपाचा रिकामा डबा सनोबरच्या गळ्यात अडकवला, पान्याला फडकं गुंडाळून हातात दिलं, आणि पहाटे जिन्यावरून तिच्यामागे चपला फटफटवत चालला. "जोरात, बेटा! खान साहेब बहिरे आहेत!" पोरीचा ठेका असा पक्का, की भिंतीपलीकडची हिमेनाही उठून कॉफी करू लागली. चार वर्षं चाललं. मग एके दिवशी तो म्हणाला, आता मोठी झाली, पुरे. डब्यात फहमीदाने कोथिंबीर लावली.

तिरानाला उतरल्यावर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. घरं मूठभर आणि माणसं समुद्रासारखी. एका चौकात दहा बँड एकाच वेळी वाजत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. धूळ नाकात, बूट पायावर, पिसं तोंडावर. हिरवा कोट दिसला की ती धावायची. एक बँड हिरवा निघाला तो कोपियापोचा, दुसरा पोपटी. "बोंबो, तो मोठा ढोल वाजवणारी मुलगी, पांढरा रुमाल," ती प्रत्येकाला विचारत होती. कुणी इकडे दाखवलं, कुणी तिकडे. एकाने तिला मेणबत्ती दिली, ती तिने न पेटवता हातात धरली. टाकायची तरी कुठे?

तीन वाजून गेले. पुढची बस साडेचारची. तिला रडू येऊ लागलं तेव्हा तीन शिंगांचा एक सैतान तिच्यासमोर थांबला, त्याने मुखवटा वर केला आणि आतून बँकेतल्या कारकुनासारखा घामेजलेला, चष्मेवाला माणूस निघाला. "सनो ना? तुमची सनो? पाण्याच्या टाकीमागे बस उभी आहे बघा, तिथे जेवायला बसलेत."

सनोबर बसच्या सावलीत मातीवर बसून अंडं खात होती.

"अम्मी?"

"गीळ आधी. मग बोल."

सनोबरने गिळलं. "हिमेना मावशीने सांगितलं?"

"टीव्हीने सांगितलं. साऱ्या गावाला सांगितलं. ऊठ. साडेचारची बस आहे."

"साडेपाचला आमची देवळाची पाळी आहे."

"आमची? आमची म्हणजे कुणाची गं? कोणाचं देऊळ?"

"ओरडू नकोस ना. मी आत जात नाही. दारात थांबते. कुणापुढे वाकत नाही, मेणबत्ती लावत नाही." तिने आईच्या हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं. "तू मात्र आणलीयस."

"थोबाड फोडीन."

बाजूला बसलेली तुतारीवाली पोरं जेवणाचे डबे उचलून शहाण्यासारखी लांब सरकली. भाषा कळत नसली तरी आई कुठलीही कळते.

"वाजवतेस कशाला मग?" फहमीदाचा आवाज चिरकला. "देवासाठी नाही, पैशासाठी नाही, मग कशासाठी?"

"पायांसाठी," सनोबर म्हणाली. "चाळीस माणसं नाचतात अम्मी. हिमेना मावशीची म्हातारी जाऊसुद्धा. माझा हात थांबला की त्यांचे पाय थांबतात. बोंबो एकच आहे आमच्याकडे. मी आत्ता उठून गेले तर ते देवळापर्यंत नुसते चालत जातील, वर्षभर तयारी करून."

"आणि तुझे अब्बा? चार दिवस गं सनोबर! चार दिवस गप्प राहिली असतीस तर तिकीट रद्द करणार होते."

"असं ते तुला म्हणाले."

"मला वचन दिलंय."

"सामान पाठवून झालंय, अम्मी. दहा तारखेला. माझी थंडीच्या कपड्यांची पेटी. फुफूचा मला फोन आला होता, खोली रंगवली म्हणून." ती हे अगदी हळू बोलली, जणू आईला लागू नये म्हणून. "मी जाणार हे ठरलंय. म्हणून आले. म्हटलं, जायचंच आहे तर एकदा वाजवून जाईन."

दहा तारखेला! आणि वचन दिलं होतं अकराला. फहमीदाच्या डोळ्यांसमोर तो जेवताना दिसला, शांतपणे भाकरी मोडणारा.

"तू का नाही सांगितलंस मला?"

"ज्या दिवशी त्यांनी तिकीट टेबलावर ठेवलं, त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं होतं," सनोबर म्हणाली. "तू कणीक मळत होतीस. मळतच राहिलीस."

खरं बोलणं असं असतं, त्याला धरायला कड नसते. फहमीदाला वाटलं खाली बसावं, पण बसली तर उठता येणार नाही असंही वाटलं. तिने घड्याळ बघितलं. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ झाली होती. सकाळपासूनच्या धावपळीत तिला त्याचीही शुद्ध राहिली नव्हती, आणि आता ते एकच काम असं होतं जे कसं करायचं ते तिला नक्की माहीत होतं.

"पाणी आहे?"

सनोबरने बाटली दिली. फहमीदाने हातपाय-तोंड धुऊन वजू केला, पिशवीतली शाल मातीवर पसरली. समोर पाहिलं. गावापलीकडे डोंगरांची तपकिरी रांग उभी होती. डोंगराकडे तोंड. ऊन डोळ्यांवर येत होतं, चेहरा तापत होता, आणि का कोण जाणे, ते तिला बरं वाटलं, फार जुन्या ओळखीचं. तिने हात कानांशी नेले.

खांद्यांवर दोन हात पडले.

"अम्मी, सूर्य बघ."

"मध्ये बोलू नको."

"सूर्य बघ आधी. तो मावळतोय तिकडे. तुझं तोंड समुद्राकडे आहे."

"इथे कुठे समुद्र?"

"त्या डोंगरांच्या पलीकडे. आपण डोंगर ओलांडून आलो ना. ते आता मागे राहिले. असरला सावली पुढे पडली पाहिजे. मी तीन दिवस इथेच पढतेय, बसमागे." तिने आईला हलकेच फिरवलं. आता समोर सपाट माळ होता आणि त्याच्या टोकाला, धुरकट, दूरचे मोठे पर्वत. फहमीदाची लांब सावली शालीवरून पुढे गेली. सियालकोटात असरला ऊन डोळ्यांवर यायचं. शरीर तिथलंच निघालं, बावीस वर्षांनीसुद्धा.

ती नमाजला उभी राहिली. पहिल्या रकातीत, नमाजाच्या पहिल्या फेरीत, तिला फक्त ढोल ऐकू येत होते. लोक पळत होते, कुणीतरी हसत जवळून गेलं, आणि आता कुणी समोरून ओलांडणार म्हणून तिचा जीव घाबरा झाला. तेवढ्यात तिच्या पुढ्यात, कपाळ टेकायच्या जागेच्या जरा पलीकडे, धप्पकन काहीतरी ठेवलं गेलं. तिने मान वर केली नाही. नमाज पढणाऱ्याच्या पुढून कुणी जाऊ नये म्हणून आड काही तरी ठेवतात. नजाकत गॅरेजात पढायचा तेव्हा गाडीतून काढलेलं एखादं स्टिअरिंग ठेवायचा आणि लहानगी सनोबर ते ढकलत आणून द्यायची. फहमीदाने सजदा केला. मन ठिकाणावर यायला दुसरी रकात लागली.

शेवटचा सलाम फिरवून तिने पाहिलं. तिच्यासमोर ढोल उभा होता. ढोलाच्या कातड्यावर बँडने देवीचं चित्र रंगवून घेतलं होतं हे तिने टीव्हीत पाहिलं होतं. ते आता दिसत नव्हतं. सनोबरने त्यावर आपला हिरवा कोट नीट, चारी बाजूंनी खोचून घातला होता, आणि स्वतः नुसत्या सदऱ्यात, त्या माळावरच्या वाऱ्यात, दोन्ही हात पसरून लोकांना बाजूने वळवत उभी होती. "पोर फावोर, कृपा करून इकडून, इकडून. माझी आई आहे." तिच्या अंगावर काटा आला होता.

फहमीदा रडली. आवाज न करता, शाल घडी घालता घालता. राग गेला असं नाही. देवीचा ढोल तिला अजूनही पटत नव्हता आणि पुढेही पटणार नव्हता. पण या मुलीला घराच्या चार गोष्टी शिकवायला सियालकोटला पाठवायचं? कोण शिकवणार, आणि काय?

टाकीपलीकडे कुणीतरी लांब शिट्टी मारली. तुतारीवाली पोरं उठली. सनोबर जागची हलली नाही.

"जाऊ?" तिने विचारलं. असं विचारलं, की नाही म्हटलं असतं तर ती खरंच कोट परत करून बसमध्ये बसली असती.

फहमीदाने ढोलावरचा कोट काढला, झटकला आणि तिच्या अंगावर चढवला. बटणं लावली. मग पर्स उघडून मसुराचे चार दाणे चिकटलेला पासपोर्ट काढला. "हा ठेव तुझ्याजवळ."

सनोबर त्याच्याकडे बघतच राहिली. तिने कोट चाचपला, मग पँट. "अम्मी," ती म्हणाली आणि तिला रडता रडता हसू फुटलं, "या कपड्यांना खिसाच नाही."

"एवढे पैसे घेतात आणि खिसा नाही? बरं. मग राहू दे माझ्याकडे. पण मागशील तेव्हा तुला देईन. दुसऱ्या कुणाला नाही. ऐकलंस?"

सनोबरने मान हलवली, ढोल गळ्यात अडकवला आणि पळाली.

साडेचारची बस गेली असावी. फहमीदाने पाहिलं नाही. ती गर्दीच्या कडेने हिरव्या कोटांमागून चालत होती, चाळीस माणसांच्या पायांकडे बघत. हिमेनाची म्हातारी जाऊ खरंच नाचत होती, दात नसलेलं तोंड मिटून. ठेका ओळखीचा होता. खान साहेबांना उठवणारा.

पर्समध्ये फोन वाजला. नजाकत.

"मी लवकर आलो. घराला कुलूप. कुठे आहेस?"

"बाहेर."

"सनोबर?"

"माझ्याबरोबर."

त्याला तिकडे भिंतीतून हिमेनाचा टीव्ही ऐकू येत असणार. म्हातारी तो नेहमीच मोठा ठेवते. "फहमीदा," तो म्हणाला, "हिमेनाच्या टीव्हीत जे वाजतंय, तेच तुझ्या फोनमधून कसं येतंय?"

तिने डोळे मिटले. हिरव्या टोपीच्या हजार पोरींची गोष्ट तिला पाठ होती. तोंडाशी आली होती.

"कारण आम्ही तिथेच आहोत," ती म्हणाली. "तिरानाला. सनोबर वाजवतेय. नीट ऐकलंत तर ओळखाल, तुम्हीच शिकवलंय. पेटी दहा तारखेला पाठवलीत हे मला आज कळलं. पासपोर्ट डाळीत शोधू नका, माझ्याकडे आहे."

ढोल वाजत राहिला, इकडे आणि तिकडे.

"तिला फोन दे," नजाकत म्हणाला.

"तिचे हात रिकामे नाहीत."

त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही, आणि बँडच्या मागून चालत राहिली.